इंजिनाचे डोके सुटे झाले त्याची कथा



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या मामेभावाच्या जुन्या मोटारीतून आम्ही दोघे गोव्याहून चोर्ल्याच्या घाटाने बेळगावकडे येत होतो. निघण्यापूर्वी रेडिएटरमधले पाणी पाहून घ्यावे, हा मोटारवाल्यांचा अगदी पहिला धडा. वर्गात रोज मुलांना धडे विचारणाऱ्या मलाही तो त्या दिवशी आठवला नाही. रबरी नळीतून पाणी थेंबथेंब गळून गेले होते. अर्धा घाट चढलो आणि बॉनेटच्या फटींतून वाफ येऊ लागली. इंजिन निवेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसलो, ओढ्याचे पाणी आणून घातले आणि थांबत थांबत कसेबसे घर गाठले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी तेल तपासण्याची सळई बाहेर काढली. तिच्यावर काळ्या तेलाऐवजी दुधाच्या कॉफीसारखा फेस होता. सळई माझ्यापुढे धरून ते म्हणाले, ‘सर, पाणी तेलात उतरलंय. हेड खोलल्याशिवाय इलाज नाही.’ मी जरा घाबरलोच. माझा चेहरा पाहून ते हसले. ‘हेड सुटं आहे म्हणून तर एवढ्यावर भागतंय. सुटं नसतं तर अख्खं इंजिन उतरवावं लागलं असतं.’

मिस्त्री सहज बोलून गेले. माझ्या मनात मात्र प्रश्न राहिला. इंजिनाचे डोके सुटे असणे ही आपल्याला इतकी स्वाभाविक गोष्ट वाटते. मग ते कधी सुटे नव्हते की काय? शोध घेतला तेव्हा कळले की खरोखरच नव्हते. मोटारीच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत चांगल्या समजल्या जाणाऱ्या पुष्कळशा इंजिनांची डोकी निघतच नसत. ती सुटी कशी झाली आणि त्यामुळे काय साधले, हीच कथा आज सांगावयाची आहे.

प्रथम हे डोके म्हणजे काय ते पाहू. मोटारीच्या इंजिनात लोखंडाचा एक जड ठोकळा असतो आणि त्यात उभी नळकांडी कोरलेली असतात. तीच सिलिंडरे. त्यांत पिस्टन वर-खाली होतो. नळकांड्याचे वरचे तोंड ज्या जाड झाकणाने बंद केलेले असते, ते सिलिंडर हेड. आपल्या गॅरेजांच्या भाषेत नुसते ‘हेड’. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण या झाकणाखाली पेटते. त्या क्षणी तेथील वायूचे तापमान दोन हजार अंशांच्या वर जाते आणि दाब बाहेरच्या हवेच्या तीस-चाळीस पट होतो. हे मिनिटाला हजारो वेळा घडते. शिवाय झाकणाच्या आणि ठोकळ्याच्या पोटातून थंडाव्यासाठी पाणी खेळत असते आणि पुष्कळ इंजिनांत वंगणाचे तेलही याच वाटेने वर चढते. म्हणजे आग, पाणी आणि तेल हे तीन शेजारी एका छपराखाली नांदतात, आणि त्यांना एकमेकांच्या घरात जाऊ न देणे हे काम ठोकळा व झाकण यांच्यामधल्या एका पातळ पत्र्याचे. त्याचे नाव गॅस्केट. आमच्या गाडीत हाच पत्रा करपला होता.

आता पहिल्या कारागिरांच्या जागी आपण स्वतःला कल्पून पाहू. निकोलाउस ओटो याने १८७६ साली चार फेऱ्यांचे इंजिन सिद्ध केले. कार्ल बेंझ याने २९ जानेवारी १८८६ रोजी आपल्या तीनचाकी मोटारीच्या पेटंटासाठी अर्ज केला. त्या काळी दोन पृष्ठभाग आरशासारखे सपाट घासणे दुष्कर होते आणि आगीला दाद न देणारे गॅस्केट मिळणे त्याहून दुष्कर. सांधा आला की गळती आली. मग शहाण्या कारागिराने काय करावे? सांधाच ठेवू नये. त्यांनी सिलिंडर आणि त्याचे डोके एकाच ओतकामात, पेला पालथा घालावा तसे ओतले. पेल्याचा बूड हेच डोके. झडपांपर्यंत हात पोहोचावा म्हणून पुष्कळ इंजिनांत झडपांच्या माथ्यावर आटे पाडलेली टोपणे बसवीत. बाकी सारे बंद. सांधा नाही, म्हणून गळती नाही.

या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे रोल्स-रॉइस कंपनीची १९०६ साली लोकांपुढे आलेली ४०/५० अश्वशक्तीची गाडी. ‘सिल्व्हर घोस्ट’ या नावाने ती आजही ओळखली जाते. तिची सहा सिलिंडरे तीन-तीनच्या दोन ओतकामांत होती आणि डोकी त्यांतच एकजीव होती. आपल्या मुलुखाशी या गाडीचा एक धागा जुळलेला आहे. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची अशीच एक गाडी १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर या मार्गावरील चाचणीत उतरली. वाटेतले घाट तिने दिमाखाने पार केले आणि पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. ज्या घाटांत शंभर वर्षांनंतरही आमच्यासारख्यांच्या गाड्या वाफ सोडतात, ते तिने त्या काळी ओलांडले, हे सांध्याविना केलेल्या त्या कामाचे यशच म्हटले पाहिजे.

परंतु या यशाला एक किंमत होती. त्या काळचे पेट्रोल आणि तेल आजच्यासारखे शुद्ध नव्हते. पिस्टनच्या माथ्यावर आणि डोक्याच्या आतल्या बाजूस काजळीचा कठीण थर बसे. चुलीवरच्या भांड्याच्या बुडाला साचतो तसाच. फरक इतकाच की हा थर भांड्याच्या आत. थर वाढला की आतली जागा अरुंद होते आणि त्यातले तापून लाल झालेले कण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतात. इंजिन ठोके देऊ लागते, जोर कमी होतो, झडपांच्या बैठका करपतात. म्हणून काही हजार मैलांनंतर ही काजळी खरवडणे आणि झडपा घासून पुन्हा नीट बसविणे भाग असे. डोके निघत नसलेल्या इंजिनात त्यासाठी सिलिंडरांचे संपूर्ण ओतकाम खालच्या पेटीवरून उचलावे लागे. ज्याच्या पदरी शोफर, मदतनीस आणि स्वतःची कर्मशाळा आहे, त्याला हे परवडे. संस्थानिकाला परवडे, खेड्यातल्या डॉक्टराला किंवा शेतकऱ्याला कसे परवडावे?

हा प्रश्न सुटला तो अमेरिकेत. १ ऑक्टोबर १९०८ या दिवशी हेन्री फोर्ड याच्या कंपनीची ‘मॉडेल टी’ गाडी बाजारात आली. तिची चारही सिलिंडरे एकाच ठोकळ्यात होती आणि ठोकळ्यावरचे झाकण सुटे होते. पंधरा बोल्ट सोडले की हे झाकण हाती येई आणि खाली चार पिस्टन व आठ झडपा उघड्या दिसत. ठोकळा आणि झाकण यांच्यामध्ये तांब्याच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस दाबून केलेले गॅस्केट असे. सुट्या डोक्याची कल्पना फोर्डच्याच मनात प्रथम आली असे नव्हे. परंतु ती लाखो माणसांच्या अंगणापर्यंत नेली ती त्याने.

यात कारखान्याचाही स्वार्थ होता, हे सांगितले पाहिजे. दोन्ही टोकांनी उघडे नळकांडे यंत्रावर कोरणे सोपे जाते. बूड असलेल्या पेल्यात आतून घासकाम करणे कठीण. ओतकामातले दोषही उघड्या ठोकळ्यात चटकन दिसतात. बेळगावसारख्या ओतकामाच्या गावात राहणाऱ्या श्रोत्यांना हे वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही. तेव्हा काम स्वस्त व्हावे म्हणून डोके सुटे झाले आणि त्याच्या पोटी दुरुस्तीही सोपी झाली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या तयार झाल्या. त्यांपैकी असंख्य गाड्या शहरापासून दूर, जेथे कुशल कारागीर मिळणे अवघड, अशा शेतांवर गेल्या. तेथील शेतकरी नांगर दुरुस्त करी त्याच हातांनी गाडीचे डोके उतरवून काजळी खरवडू लागला. मोटार हे सरदारी वाहन होते; मालकाला ती स्वतः उघडता येऊ लागली तेव्हा ती प्रजेची झाली.

जुन्या पद्धतीने मात्र लगेच हार मानली नाही. डब्ल्यू. ओ. बेंटले हा रेल्वेच्या कर्मशाळेत उमेदवारी केलेला इंग्रज अभियंता. १९२१ पासून विक्रीस आलेल्या त्याच्या तीन लिटरच्या गाडीचे डोके ओतकामातच एकजीव होते. भर वेगात दगा देणारा सांधा नको, हा त्यामागचा हिशेब. हा हिशेब चुकीचा नव्हता. १९२४ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत याच जातीच्या गाडीने जिंकली. उलट रोल्स-रॉइसने १९२२ साली जी लहान ‘ट्वेंटी’ गाडी काढली, तिला सुटे डोके दिले. ती गाडी प्रामुख्याने स्वतः हाकणाऱ्या मालकांसाठी होती. गाडी कोण उघडणार यावर ती कशी घडवावी हे ठरते, ते या दोन उदाहरणांवरून स्पष्ट दिसते.

डोके सुटे झाल्यामुळे आणखी एक लाभ झाला; त्याची कल्पना प्रारंभी फार थोड्यांना असेल. खालचे इंजिन तेच ठेवून नुसते डोके बदलले तरी गाडीचा स्वभाव बदलतो. हॅरी रिकार्डो या इंग्रज संशोधकाने पहिल्या महायुद्धानंतर दाखवून दिले की झाकणाच्या आतल्या पोकळीचा आकार बदलून मिश्रणाला भोवऱ्यासारखी गती दिली, तर साध्या बाजूझडपी इंजिनातूनही पुष्कळ अधिक काम निघते आणि ठोकेही कमी होतात. हे ठोके थांबविण्याचा दुसरा मार्ग अमेरिकेत निघाला. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली याला डिसेंबर १९२१ मध्ये आढळले की पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग अगदी अल्प प्रमाणात घातले की ठोके बंद होतात. १९२३ साली असे पेट्रोल विकण्यास प्रारंभ झाला. १९२४ साली न्यू जर्सीतील एका शुद्धीकरण कारखान्यात हे रसायन तयार करणारे पाच कामगार विषबाधेने मरण पावले. तरीही हे पेट्रोल जगभर पसरले. शिशाचा पातळ थर झडपांच्या बैठकांचे रक्षण करी, म्हणून इंजिने त्यावर विसंबली. आणि तेच शिसे धुराबरोबर लहान मुलांच्या रक्तात जाऊन त्यांच्या बुद्धीची हानी करी. भारतात ते २००० साली बंद झाले. जगातल्या शेवटच्या देशात, अल्जीरियात, २०२१ मध्ये.

शिसे गेल्यावर जुन्या इंजिनांपुढे अडचण उभी राहिली. बिनशिशाच्या पेट्रोलवर त्यांच्या मऊ लोखंडी बैठका झिजू लागल्या आणि झडपा खोल खोल रुतू लागल्या. इलाज एकच होता: डोके उतरवून लेथवाल्याकडे न्यायचे आणि जुन्या बैठकांच्या जागी कठीण पोलादाच्या कड्या बसवून आणायच्या. १९०८ साली जो सांधा काम स्वस्त व्हावे म्हणून ठेवला गेला, त्याने शंभर वर्षांनंतर कितीतरी जुन्या गाड्यांना दुसरे आयुष्य दिले.

आपल्या देशात ही विद्या घरोघर पोहोचली ती प्रामुख्याने दोन गाड्यांमुळे. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आली. तिचे पहिले इंजिन बाजूझडपी होते. अशा इंजिनात झडपा ठोकळ्यातच असतात, म्हणून डोके म्हणजे निव्वळ जाड ताट. १९५९ मध्ये तिला १४८९ घनसेंटिमीटरचे, वर झडपा असलेले इंजिन मिळाले. आता डोक्यात झडपा, स्प्रिंगा आणि रॉकर आले. ताटाचे यंत्र झाले आणि ते उतरविणे ही एक कला झाली. दुसरी गाडी मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमियर कंपनीने बांधलेली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी. तिच्या लोखंडी ठोकळ्यावर ॲल्युमिनियमचे डोके होते. ते हलके आणि लवकर निवणारे; पण पाणी आटले की वाकण्याची भीतीही त्याला अधिक.

ही कला मी त्या दिवशी स्टुलावर बसून पाहिली. इंजिन रात्रभर निवलेले होते. गरम डोके सोडले तर ते वाकते. मिस्त्रींनी प्रथम पाणी पूर्ण काढले, कारण पाणी आत असताना डोके हलले तर ते सिलिंडरांत आणि तेलात उतरते. मग बॅटरीची तार, हवेचा डबा, कार्ब्युरेटर, धुराचा नळ, पाण्याची नळी असे एकेक सुटत गेले. वरचे झाकण निघाल्यावर रॉकरांची रांग दिसली. मला वाटले, आता ती काढतील. ‘घाई नाही,’ ते म्हणाले. रॉकरांच्या खुंट्यांचे काही नट डोक्यालाही धरून ठेवतात. तेवढेच आधी सोडले तर एका बाजूचा ताण सुटतो आणि डोके पिळले जाते. म्हणून सर्व नट एकेका वळशाने, ठरलेल्या क्रमाने, थोडे थोडे सैल करायचे. अँबॅसडरच्या इंजिनात असे अकरा नट असत आणि त्यांचा क्रम जुन्या मिस्त्रींना पाढ्यासारखा पाठ असे.

आठ पुशरॉड निघाले, ते त्यांनी खोक्याच्या पुठ्ठ्याला भोके पाडून क्रमाने खोचून ठेवले. वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून जुळलेल्या जोड्या असतात त्या. अदलाबदल झाली की कुरबुर सुरू. यानंतर डोके उचलायचे, तर ते जागचे हलेना. हाताखालच्या मुलाने सांध्यात घालण्यासाठी स्क्रू-ड्रायव्हर उचलला. ‘अरे, थांब!’ मिस्त्री एवढ्या जोराने ओरडले की मीच दचकलो. त्या फटीत एक ओरखडा पडला तरी आगीला वाट मिळते. त्यांनी लाकडी हातोड्याने कडेकडेने हलके ठोके दिले आणि दोघांनी मिळून डोके सरळ वर उचलले.

आत काय झाले होते ते कोणालाही कळले असते. दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरांच्या मधल्या चिंचोळ्या जागी गॅस्केट करपून तुटले होते आणि तिथून पाण्याची वाट उघडी झाली होती. दुसऱ्या सिलिंडराचा पिस्टन बाकीच्यांपेक्षा लख्ख दिसत होता. वाफेने त्याची काजळी धुऊन काढली होती. मिस्त्रींनी पोलादी पट्टी डोक्याच्या पृष्ठभागावर आडवी-तिरपी धरून फटीत पातळ पाती सरकवून पाहिल्या. डोके किंचित वाकले होते. ते लेथवर जाऊन सपाट होऊन आले, झडपा घासून बसल्या, नवे गॅस्केट आले. नट कसताना क्रम उलटा: मधून सुरुवात आणि बाहेरच्या कडांकडे, तेही एकदम नव्हे, तीन फेऱ्यांत, ताण मोजणाऱ्या पान्याने.

येथे एक दुःखाची गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस असे. ते आगीला दाद देत नाही म्हणूनच सुटे डोके शक्य झाले. परंतु त्याची सूक्ष्म धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेली की तेथेच राहते आणि कित्येक वर्षांनी कर्करोगासारखे आजार उत्पन्न करते. पिढ्यान्पिढ्या मिस्त्रींनी हे तुकडे कोरडेच खरवडले आणि हवेच्या झोताने उडवले. त्यांना कोणी सांगितले नव्हते. आज बिनॲस्बेस्टॉसची, पोलादी पत्र्यांच्या थरांची गॅस्केटे मिळतात; तथापि जुने इंजिन उघडणाऱ्याने जुना पत्रा पाण्याने भिजवूनच काढावा आणि त्याची धूळ उडू देऊ नये. ज्यांच्या हातांनी आपल्या गाड्या चालत राहिल्या, त्यांच्या आरोग्याची किंमत आपण कधी मोजली नाही, एवढे तरी आपण मान्य करावे.

तो काळ आता मावळला. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली. पेट्रोल आणि तेल सुधारले, म्हणून नव्या गाड्यांत काजळीसाठी डोके उतरविण्याची वेळ सहसा येत नाही. पुष्कळ इंजिनांचे हेड-बोल्ट एकदा ताणले की पुन्हा वापरता येत नाहीत. विजेवरच्या गाडीला तर काढण्यासाठी डोकेच नाही. याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. धूर कमी झाला, वाटेत थांबणे कमी झाले, हे चांगलेच आहे.

तरीही या शतकभराच्या कथेतून एक गोष्ट मनात ठेवण्यासारखी आहे. पहिल्या कारागिरांना सांधा म्हणजे उणीव वाटली आणि ते खोटे नव्हते. आमची गाडी सांध्यातच फुटली. परंतु सांधा होता म्हणूनच ती एका दिवसात उघडून, पाहून, नीट करून परत मिळाली. अशी वस्तू सामान्य माणसाला आपलीशी वाटते, कारण तिच्या आत काय चालते हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. आज आपल्या घरात येणाऱ्या कितीतरी वस्तू डिंकाने चिकटवून बंद केलेल्या असतात; बिघडल्या की त्या फेकण्याखेरीज गत्यंतर नसते. वस्तू घेताना तिची किंमत आपण विचारतो. ती उघडते का आणि उघडणारा मिळतो का, हेही विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी.

संध्याकाळी मिस्त्रींनी किल्ली फिरवली. दोन-चार खोकल्यांनंतर इंजिन संथ चालू लागले. सळईवरचे तेल स्वच्छ होते. पैसे घेताना ते म्हणाले, ‘सर, पाचशे किलोमीटर चालवा आणि परत या. गॅस्केट बसलं की नट पुन्हा एकदा कसावे लागतात.’ आम्ही पाचशे किलोमीटरांनी परत गेलो. आणि आता घाटात शिरण्यापूर्वी मी स्वतः उतरून रेडिएटरमधले पाणी पाहतो.